कुलाब्याची नोंदवही आणि सूर्यावरचे वादळ



मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक ही कोळी बांधवांची गावे आहेत. किनारा दिसेनासा झाला की होकायंत्राची सुई पाहून होडी घराकडे वळवायची, हे तिथल्या जुन्या मंडळींना कुणी शिकवावे लागत नाही. ती सुई पृथ्वीच्या चुंबकत्वाचे ऐकते. याच किनाऱ्यावर दक्षिणेला, आधी मुंबईत कुलाब्याला आणि मग अलिबागला, हे चुंबकत्व पावणेदोनशेहून अधिक वर्षे मोजले जात आहे. त्या कामातून आपण शेतकऱ्यांनी घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे.

पृथ्वीच्या पोटात सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेले लोखंड सतत घुसळत असते. त्यातून हे चुंबकत्व तयार होते आणि जमिनीच्या वर अवकाशात हजारो किलोमीटरपर्यंत पसरते. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा अखंड वाहत असतो. वाडीभोवतीचा गडगा जशी गुरे बाहेर ठेवतो, तसे हे चुंबकत्व त्यातले बहुतेक कण बाहेरच्या बाहेर वळवते. कधी कधी मात्र सूर्यावर मोठा उद्रेक होतो आणि त्याच्या धक्क्याने हा गडगाच हादरतो. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. त्यात पाऊस नाही, वारा नाही. मापन यंत्राची नाजूक सुई तेवढी हलते.

कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होण्याची सोय नंतरची. त्याआधी माणसेच ठरलेल्या वेळी यंत्रापाशी जात आणि आकडा वहीत लिहीत. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत फार मोठे चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, काही ठिकाणी त्यांतून ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवाजवळ दिसणारा आकाशातला रंगीत प्रकाश क्युबापर्यंत दिसला. कुलाब्याच्या माणसांनी त्या दिवशीही आपले आकडे लिहिले आणि वही मिटून ठेवली.

त्याच १८५९ साली नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेव्हा मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येण्याची चिन्हे होती. विजेचा प्रवाह वाहतो तिथे चुंबकीय परिणाम होतोच. मग सुई हलली ती सूर्यामुळे की ट्राममुळे, हे कळणार कसे? मूस यांनी ट्राम धावण्याची वाट पाहिली नाही. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर दूर, अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. तिच्या इमारतीत लोखंड टाळून खास तपासलेला पोरबंदरी दगड आणि तांबे-पितळ वापरले.

त्याहून महत्त्वाचे त्यांनी पुढे केले. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणची यंत्रे बरोबरीने चालू ठेवली. त्यामुळे दोन जागांत फरक किती पडतो ते कळले आणि जुन्या नोंदींना नव्या नोंदी नीट जोडता आल्या. मगच कुलाब्याची मोजणी थांबली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या आकड्यांचा अभ्यास मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत छापला.

आता त्या जुन्या वहीची किंमत पाहा. १९७१ पासून हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. तेथील गुरबक्ष लखिना, शोभना अ‍ॅलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १८५९ चे आकडे नव्याने तपासले. त्या दिवशी मुंबईत चुंबकत्वाचा आडवा जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे शंभरात चार भागांनी उतरला होता. एवढी मोठी उतरण क्वचितच नोंदली गेली आहे. सूर्याचा फटका किती मोठा असू शकतो, याचा अंदाज बांधताना जगभरचे शास्त्रज्ञ आज हा आकडा वापरतात. लिहिणाऱ्यांना आपण काय लिहीत आहोत, याची कल्पनाही नव्हती!

या वादळाने पिकाला, गुरांना किंवा माणसाला जमिनीवर इजा होत नाही. कुणी तशी भीती घातली तर ऐकू नका. धोका आहे तो विजेच्या तारांना आणि उपग्रहांच्या संदेशांना. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात होते. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेतील अनेक शेतकऱ्यांचे उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत भरकटले. आपल्याकडेही जमिनीची मोजणी आता रोव्हर यंत्राने, उपग्रहाच्या आधारे होते. म्हणून मोजणीची जुनी ‘क’ प्रत जपून ठेवा, बांधावरचे दगड उखडू नका. मोजणीत शंका वाटली तर फेरतपासणी मागा. होडीवर उपग्रहाचे यंत्र असले तरी होकायंत्र राहू द्या, आणि कोयता, पाना, मोबाईल त्याच्याजवळ ठेवू नका.

आता शेताकडे वळू. घरी पर्जन्यमापक असेल तर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून लिहा. पडला नाही तर शून्य लिहा, पण रकाना रिकामा सोडू नका. पर्जन्यमापकाची जागा बदलायची झाली तर एक पावसाळा दोन्ही जागी मोजा. नवे बियाणे घेतले तर सगळे शेत त्याखाली घालू नका. शेजारी दोन गुंठे जुने वाण ठेवा आणि दोन्हींचे उत्पन्न वेगवेगळे मोजून लिहा. असे केले तरच वाढलेले पोते बियाण्याचे की चांगल्या पावसाचे, हे कळेल. नाहीतर दुकानदार सांगेल ते खरे मानावे लागेल.

येत्या पावसाआधी एक शंभर पानी वही आणा. ती लिहिण्याचे काम घरातल्या शाळकरी मुला-मुलींकडे द्या आणि आठवड्यातून एकदा स्वतः पाहा. वही भरली की रद्दीत घालू नका, सात-बाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा.