कुंडी होण्याआधी पिंपात काय होते?

पिंपळे सौदागरमधल्या सोसायट्यांच्या फाटकापाशी आणि गच्च्यांवर कारखान्यांतली जुनी पिंपे कुंड्या म्हणून दिसू लागली आहेत. मधोमध कापलेले लोखंडी ड्रम, निळी प्लास्टिकची पिंपे, क्वचित एखादी फाउंड्रीतली मूस. पिंपरी, भोसरी आणि चाकणचे कारखाने जवळच असल्याने हा माल इथे सहज मिळतो. टिकाऊ वस्तू पुन्हा उपयोगी पडते, ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र पिंपात आधी काय भरलेले होते, हे घेणारा सहसा विचारत नाही.

दोनशे लिटरच्या पिंपातून द्रव उपसला तरी तळाच्या कडेला तो थोडासा राहतोच. तो थिनर असेल, कटिंग ऑइल असेल किंवा प्लेटिंगचे क्रोमियमयुक्त रसायनही असेल. लोखंडी पत्रा नीट धुतला तर बराच स्वच्छ होतो. प्लास्टिकचे तसे नाही. थिनरसारखे द्रावक त्याच्या भिंतीत मुरतात आणि पुढे हळूहळू बाहेर पडत राहतात. कुंडीला रोज पाणी मिळते, दुपारी माती तापते आणि हे अंश मातीत उतरतात. शोभेच्या झाडाचे त्याने फार बिघडणार नाही. त्याच मातीत पालक किंवा कोथिंबीर लावली, तर हे अंश ताटात येऊ शकतात.

म्हणूनच घातक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या केंद्रीय नियमांत, घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे हाही घातक कचराच मानला आहे. ती धुऊन शुद्ध करण्याचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या केंद्रांनीच करायचे असते. कारखान्याच्या मागच्या दाराने पिंप थेट भंगारवाल्याकडे गेले, की ही साखळी तुटते.

त्याचा पहिला फटका बसतो तो पिंप कापणाऱ्या कामगाराला. थिनरचे रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचे असते, कारण त्यात वाफ आणि हवा एकत्र झालेली असते. गॅस कटरची ज्योत लागली की स्फोट होऊ शकतो. सजावटीच्या किमतीत या जोखमीचा हिशेब कुठेच नसतो.

पिंपावरचा जुना रंग हा वेगळा प्रश्न आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतले शिसे ९० पीपीएमपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. उन्हापावसात पोपडे सुटले की ते कुंडीत पडतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागतात.

गच्चीवर वजनही पाहावे लागते. अर्ध्या पिंपात ओली माती भरली की दीडशे किलोंच्या वर जाते, आणि तेवढे ओझे जेमतेम पाव चौरस मीटरवर येते. वावर असलेली गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या भाराचा हिशेब धरून बांधतात. एखाद्या कुंडीने काही होत नाही. स्लॅबच्या मध्यावर ओळ मांडण्याआधी मात्र अभियंत्याला विचारावे.

आमच्या मते पिंपांवर बंदी नको. त्यांचा पूर्वेतिहास मागायला हवा. सोसायटीच्या समितीने खाद्यतेल, सिरप अशा खाद्यमालाचीच पिंपे घ्यावीत, मूळ लेबल पाहावे, आणि लेबल खरवडलेले असेल तर ते पिंप परत करावे. कापण्याआधी ते धुतले कोणी, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. कारखान्यांनी रिकामी पिंपे अधिकृत केंद्राकडेच द्यावीत, आणि ती खरोखर तिथे पोहोचतात का, हे मंडळाने तपासावे.