चूकभूल द्यावी घ्यावी... पण किती?



परवा लातूरहून भाच्याचा फोन आला. मार्केट यार्डात त्याचं अडतीचं दुकान आहे. तूर-सोयाबीनची आवक, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाई, उधारी, सगळं कॉम्प्युटरवर.

"मामा, हार्ड डिस्क गेली."

"मग बॅकअप आहे ना रे?"

"रोज हिरवी खूण दिसायची हो. आता उघडून बघतो तर तीन आठवड्यांचं काहीच नाही!"

झालं होतं असं, की बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर कंपनीने परस्पर नवी आवृत्ती चढवली. तिच्यात कोणत्या फोल्डरची प्रत घ्यायची ही नोंदच उडाली. मग ते रोज रात्री इमानेइतबारे काहीच न घेता "यशस्वी" असं सांगत राहिलं. पट्ट्यांच्या कार्बन कॉपी होत्या म्हणून वाचला बिचारा. नवराबायको आठ रात्री बसून हिशोब पुन्हा भरत होते. आणि कंपनीचं उत्तर काय? "पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल." वा!

हे फक्त छोट्या दुकानदाराचं होतं असं समजू नका. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात महासंगणकाचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामनेच ७७ टेराबाइट माहिती पुसून टाकली. सुमारे ३ कोटी ४० लाख फायली! कारण काय, तर प्रोग्राम चालू असतानाच त्याच्यावर सुधारित आवृत्ती चढवली. जुन्या नोंदी पुसायच्या सोडून त्याने मूळ फायलींवरच हात फिरवला. १४ संशोधक गटांना फटका बसला, त्यातल्या चौघांची माहिती परत मिळालीच नाही. तिथल्या पुरवठादार कंपनीने, ह्युलेट पॅकार्डने, चूक पूर्णपणे आपली असल्याचं कबूल तरी केलं.

आणि १९ जुलै २०२४ आठवतो ना? क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने जगातले ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. ते सॉफ्टवेअर बॅकअपचं नव्हतं, सुरक्षेचं होतं, पण खोड तीच. सगळ्यांना एकदम वाटलं. नंतर म्हणाले, यापुढे टप्प्याटप्प्याने देऊ. अहो, हे शहाणपण आधी कुठे गेलं होतं?

त्यातल्या त्यात निळा पडदा बरा, निदान लगेच दिसतो. बॅकअपची चूक मात्र गरज पडेपर्यंत कळतच नाही. छत्री गळकी आहे हे पाऊस आल्यावरच समजावं, तसं. म्हणून या सॉफ्टवेअरला तपासणीची अट इतरांपेक्षा कडक हवी. आम्ही मास्तर लोक साधी चाचणीची प्रश्नपत्रिकासुद्धा छापायला देण्याआधी स्वतः सोडवून बघायचो. एका वर्गातल्या चाळीस पोरांसाठी! आणि हे हजारो दुकानांचे हिशोब हातात घेऊन एकदाही सोडवून बघत नाहीत?

अपडेटच नको असं मी म्हणत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नाही ते अडकले. अपडेट हवंच, पण तपासलेलं, आधी थोड्यांना देऊन पाहिलेलं, काय बदललं ते साध्या भाषेत सांगणारं. आणि प्रत खरोखर परत उघडते का, हे पाहिल्याशिवाय हिरवी खूण दाखवायची नाही.

भाच्याला मी एकच सांगितलंय. दर अमावास्येला दुकान बंद असतं, तेव्हा बॅकअपमधून एक जुनी पट्टी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. हिरव्या खुणेवर विश्वास नाही.

आपण बिलाखाली "चूकभूल द्यावी घ्यावी" लिहितो, तेव्हा चूक निघाली तर पैसे परत देतो. हे लोक करारात तेच बारीक अक्षरात लिहितात, फक्त चूक त्यांची आणि भरपाई आपली!

असो. तुमच्यापैकी किती जणांनी आपला बॅकअप कधी उघडून पाहिलाय? खरं खरं सांगा.