सुट्टीतील काम आणि जूनमधील शाळा

वार्षिक परीक्षा आटोपल्या की वसई परिसरातील पंधरा-सोळा वर्षांची अनेक मुले कामाला लागतात. कोणी वाडीत फुले खुडतो, कोणी दुकानात उभा राहतो, कोणी लग्नसराईत केटररच्या हाताखाली वाढपी होतो. त्या पैशांतून वह्या-पुस्तकांचा खर्च भागतो, घरालाही हातभार लागतो. ह्या कामामुळे मुले अभ्यासात मागे पडतात काय?

सरसकट ‘होय’ म्हणणे आम्हांला रास्त वाटत नाही. न्यूयॉर्क शहरात किशोरांना उन्हाळ्यात काही आठवड्यांचे पगारी काम देण्याची योजना आहे. अर्ज फार येत असल्याने निवड सोडतीने होते. त्यामुळे काम मिालेल्या व न मिळालेल्या मुलांची तुलना अभ्यासकांना नीट करता आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार काम मिळालेल्यांची पुढील वर्षातील शालेय उपस्थिती एक ते दोन टक्क्यांनी वाढली. पूर्वी वारंवार गैरहजर राहणाऱ्या, सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलांत ही वाढ अधिक होती. लाभ बेताचाच, पण हानी नाही. मात्र ते काम देखरेखीखालचे, ठरावीक तासांचे आणि शाळा उघडण्यापूर्वी संपणारे असते.

आपल्याकडे नेमके तेच नसते. मे महिन्यात कामाला लागलेला मुलगा जूनमध्ये ‘रविवारपुरता’ राहतो, मग सायंकाळीही जाऊ लागतो. हातात खेळणारा पैसा त्याला सोडवत नाही. मालकालाही सरावलेला स्वस्त हात हवाच असतो. खरे नुकसान होते ते इथे.

बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला शाळा सुटल्यावर वा सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करता येते. अन्यत्र कामाला ठेवणे जवळपास सर्वस्वी निषिद्ध आहे. चौदा ते अठरा वयोगटास धोकादायक कामे वर्ज्य असून इतरत्र विश्रांतीसह दिवसाला सहा तासांची मर्यादा आहे. सायंकाळी सात ते सकाळी आठ काम देता येत नाही. आता आपल्याच लग्नांच्या स्वागतसमारंभात रात्री अकरा वाजता ताटे उचलणारी मुले आठवून पाहावीत!

पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात शरीर व मन पुरेसे विकसित होण्यापूर्वी मुलांना कारखान्यात धाडू नये, असे बजावले होते. धर्मग्रामाचे सभागृह लग्नासाठी देताना केटररवर वयाची व वेळेची अट घालणे पॅरिश कौन्सिलला ह्याच मोसमापासून शक्य आहे.