सगोत्र राण्या आणि खानदेशचा उन्हाळा

मधमाश्यांच्या पैदाशीत सर्वांत जास्त मध देणारी एकच पेटी निवडावी, तिच्याच राणीपासून पुढच्या सगळ्या राण्या वाढवाव्यात आणि वाण शुद्ध राखावा, असे एक मत आहे. जळगाव-धुळ्यात ते चटकन पटते. रावेर-यावलच्या बागांत ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळीची एकसारखी रोपे लागतात, संकरित कपाशीही शुद्ध केलेल्या वाणांतूनच निघते. मग मधमाशीला वेगळा न्याय का?

वेगळा न्याय तिच्या लिंगनिश्चितीमुळे लागतो. मधमाशीचे लिंग एका जनुकावर ठरते. अफलित अंड्यातून नर निपजतो. त्याला बाप नसतो, आईचा बाप मात्र असतो. फलित अंड्यात त्या जनुकाची दोन भिन्न रूपे आली तर मादी होते, दोन्ही सारखी आली तर द्विगुणित नर. अशा नराची अळी अंड्यातून बाहेर पडताच काही तासांत कामकरी माश्या तिला खाऊन टाकतात, हे पोलंडच्या येझी वोयके यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. राणीचे एखादे रूप ज्याच्यात आहे अशा नराकडून फळलेली निम्मी अंडी वाया जातात. फ्रेम उन्हात धरली की हा तोटा दिसतो: चांगल्या राणीची झाकलेली घरे सलग पसरलेली असतात, सगोत्र राणीच्या फ्रेमवर भरल्या घरांमध्ये रिकामी घरे छर्रे उडाल्यासारखी विखुरतात. केळी बीजाविना वाढते, कपाशीला स्वपरागण सोसते. मधमाशीला यातले काहीच लागू नाही.

राणी उडताना दहा-वीस नरांशी संयोग करते, तेव्हा सरमिसळ आपोआप होते, हा दुसरा आक्षेप. पण परिसरातल्या सगळ्या पेट्या एकाच घराण्याच्या असतील तर ते दहा-वीस नर एकाच गोताचे ठरतात. सातपुड्यातल्या सातेरी किंवा आग्या माश्यांकडूनही नवे रक्त मिळत नाही. पेटीतली इटालियन माशी परदेशी जात आहे. हिमाचलातल्या नगरोटा बगवान येथे ती १९६२ पासून स्थिरावली. सातेरीशी किंवा आग्याशी तिचा संकर होत नाही.

खानदेशासाठी सर्वांत मोलाची गोष्ट यापुढे आहे. अंडी-अळ्यांना ३४-३५ अंश तापमान लागते, तर भुसावळचा मे महिना ४५ अंशांवर जातो. ऑस्ट्रेलियातल्या २००४ च्या प्रयोगांत असे आढळले की, वेगवेगळ्या बापांच्या कामकरी माश्या वेगवेगळ्या तापमानाला पंख हलवू लागतात. कुणी लवकर, कुणी उशिरा वारा घालते, म्हणून पेटी एकाएकी तापत नाही की एकाएकी गारही पडत नाही. एका बापाच्या माश्या बऱ्याचशा एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच वेळी थांबतात. तेव्हा वैविध्य हा पेटीचा पंखाच आहे. मधाच्या उताऱ्याइतकेच त्याला वजन हवे.

याचा अर्थ निवड सोडावी असा नाही. निवड अनेक घराण्यांतून करावी. पेज आणि लेडलॉ या मधमाशी-संशोधकांच्या गणितानुसार बंदिस्त समूहात ३५ ते ५० पैदास-राण्या राखल्या तर वीस पिढ्यांपर्यंत अळ्यांची जगण्याची क्षमता टिकते. वीस-तीस पेट्यांच्या एकट्या मधपाळाला हे शक्य नाही. चोपडा, रावेर, साक्री, शिरपूर येथल्या मधपाळांनी मिळून राण्यांची देवाणघेवाण ठेवली तर शक्य आहे. राण्यांना वेगवेगळ्या घराण्यांचे नर मिळावेत म्हणून चांगल्या पेट्यांतली नरांची घरे कापू नयेत. हंगामापूर्वी प्रत्येक राणीच्या फ्रेमवरची शंभर घरे मोजावीत. रोग नसताना निम्म्याच्या आसपास रिकामी निघाली, तर नवी राणी त्या घराण्यातून आणू नये.