मी फोडली नाही, माझ्याकडून फुटली

आमच्या मराठी शाळेच्या पालकसभेत गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी सूचना मांडली. मुलांना 'ग्लास फुटला', 'दूध सांडलं' असं बोलू देऊ नये, 'मी ग्लास फोडला', 'मी दूध सांडलं' असंच म्हणायला शिकवावं. कारण काय, तर इंग्रजी ही जबाबदारीची भाषा. तिच्यात प्रत्येक क्रियेला कर्ता लागतो. मराठी माणसाचं मात्र सगळं आपोआप घडतं. सभेत माना डोलल्या. माझी डोलली नाही, पण मी बोललेही नाही, कारण तेवढ्यात चहा आला.

खरं म्हणजे कारण चहा नव्हतं. माझा मुलगा दुसरीत असताना वर्गातली मातीची कुंडी त्याच्या कोपराचा धक्का लागून पडली. बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'इट ब्रोक फ्रॉम मी.' घरी चिठ्ठी आली, की मुलगा चूक कबूल करत नाही. त्या रात्री मी त्याला समोर बसवून 'आय ब्रोक इट' दहा वेळा म्हणायला लावलं. तो रडत रडत सांगत होता, 'पण आई, मी फोडली नाही ना!' मी म्हटलं, तेच ते. ते तेच नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे सभेतल्या त्या गृहस्थांना उत्तर देण्याआधी मला स्वतःलाच उत्तर द्यायचं होतं.

आता देते. इंग्रजीत बर्फावर घसरून पडलेला माणूस प्लॅस्टर दाखवत सांगतो, 'आय ब्रोक माय लेग.' त्याने हातोडा घेऊन स्वतःचा पाय मोडला, असं कोणी समजत नाही. म्हणजे इंग्रजीतल्या त्या 'आय'ला कर्त्याची खुर्ची मिळाली आहे, पण तिच्यावर बसून त्याने काही केलेलंच नाही. मराठीत आपण 'माझा पाय मोडला' म्हणतो. वैद्यकीयदृष्ट्या हेच जास्त बरोबर नाही का? इंग्रजीला वाक्यात कर्ता लागतो, ही व्याकरणाची गरज आहे. तिला चारित्र्याचं प्रमाणपत्र कशाला द्यायचं?

इंग्रजी कार्यकारणाच्या बाबतीत गरीब आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. उलट तिथे फार बारकावे आहेत, फक्त ते छोट्या छोट्या क्रियापदांत लपलेले आहेत. 'आय हॅड द प्लंबर फिक्स इट' म्हणजे त्याचं कामच ते, बोलावलं आणि केलं. 'आय गॉट हिम टू फिक्स इट' म्हटलं की दहा फोन आणि थोडी मनधरणी आली. 'मेड' म्हटलं की त्याच्या मनाविरुद्ध, आणि 'लेट' म्हटलं की त्याला करायचंच होतं, आपण फक्त आड आलो नाही. या चार शब्दांत सत्ता, पैसा, आर्जव आणि परवानगी सगळं मावतं. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी माझं 'हॅड' आणि 'गॉट' अजून अधूनमधून चुकतं, आणि चुकलं की समोरच्याला मी उद्धट वाटते किंवा बिचारी वाटते.

आपण शाळेत ज्यांना प्रयोजक क्रियापदं म्हणायचो, तीही काही कमी नाहीत. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, लागणे-लावणे. एका स्वराने किंवा एका व्यंजनाने कारण आत शिरतं. वर करवून घेतलं, करायला लावलं, करू दिलं, करायला भाग पाडलं, हे आहेच. आपली मुलं 'तिने मला रडायला केलं' म्हणतात, कारण डोक्यात 'मेड मी क्राय' असतं. अशा वेळी हसू नये, 'रडवलं' हा शब्द हातात द्यावा. शाळेने शिकवायचं असेल तर हे शिकवावं.

आणि मग आपल्याकडे ते 'कडून' आहे. 'प्लंबरकडून नळ दुरुस्त करून घेतला' आणि 'माझ्याकडून कुंडी फुटली', दोन्हीकडे शब्द एकच. गोष्ट कोणामार्फत घडली, ते तो सांगतो. माझ्या मुलाच्या वाक्यात माणूस लपलेला नव्हता, वाक्यातच उभा होता. तो सांगत होता की झालं ते माझ्यामुळे, पण मला करायचं नव्हतं. 'माझ्या हातून चूक झाली' हे मराठीत पळ काढण्याचं वाक्य नाही, मान खाली घालून म्हणायचं वाक्य आहे. 'मी कुंडी फोडली' म्हटलं तर आजी विचारेल, 'का रे, राग आला होता का?' इंग्रजीच्या 'आय ब्रोक इट'मध्ये हा प्रश्न सुटा राहतो. तो सोडवायला मागे 'बाय अ‍ॅक्सिडेंट' जोडावं लागतं.

जबाबदारीचीच गोष्ट काढायची, तर इंग्रजीला ती झटकता येत नाही असं कोणी सांगितलं? १९८७च्या जानेवारीत अमेरिकन संसदेपुढच्या वार्षिक भाषणात राष्ट्राध्यक्ष रेगन इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणाबद्दल बोलले, ते गंभीर चुका 'झाल्या' असंच. कोणाकडून, ते वाक्यात नव्हतं. आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्यापैकी कितीजणांनी 'वुई आर लेटिंग यू गो' हे वाक्य ऐकलं आहे! परवानगीचं क्रियापद. जणू आपणच जायची विनंती केली होती आणि साहेबांनी मोठ्या मनाने ती मान्य केली. एच-वन-बीवाल्याला त्यानंतर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर घर, गाडी, मुलांची शाळा आवरून निघायचं. त्या रात्री भारतात फोन लावून आपण काय सांगतो? 'मला काढलं.' निघणे नाही, काढणे. कर्ता न उच्चारताही कोणी काढलं ते घरच्यांना कळतं. (मराठीत 'नारळ दिला' असंही म्हणतात, पण तो चावटपणा आहे, त्याने कोणी फसत नाही.)

मराठी धुतल्या तांदळासारखी आहे, असा माझा दावा नाही. 'कारवाई करण्यात येईल', 'निर्णय घेण्यात आला आहे' ही सरकारी मराठी कर्त्याला बेपत्ता करण्यात कोणालाही हार जाणार नाही. लपायचं असेल त्याला प्रत्येक भाषेत कोनाडा सापडतो.

त्या गृहस्थांनी सभेत एका संशोधनाचाही दाखला दिला होता. फॉसी आणि बोरोडित्स्की यांचा २०११चा अभ्यास तो. इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना काही चित्रफिती दाखवल्या. अपघाताने घडलेल्या प्रसंगांत कोणाकडून घडलं, हे इंग्रजी भाषकांच्या जास्त लक्षात राहिलं. हे खरं. पण मुद्दाम केलेल्या कृतींत दोघांच्याही सारखंच लक्षात राहिलं, हा अर्धा भाग ते विसरले. त्यात प्रश्न स्मरणशक्तीचा होता, सचोटीचा नव्हता. आणि मराठी त्यात नव्हतीच.

पुढच्या सभेत हा विषय पुन्हा येणार आहे, असं कळलं. मी या वेळी चहाआधी बोलणार आहे. मुलांना 'फुटला' आणि 'फोडला' यांतला फरक शिकवा, 'माझ्याकडून' कुठे म्हणायचं ते शिकवा, आणि ते इंग्रजीत बाईंना कसं समजावायचं तेही शिकवा. 'आय नॉक्ड इट ओव्हर, आय डिडन्ट मीन टू' हे वाक्य माझ्या मुलाला त्या रात्री हवं होतं. मी त्याला ते दिलं नाही. आता तो पाचवीत आहे. त्याने खरंच काही फोडलं असेल, तर 'मी फोडलं' म्हणेल. फोडलं नसेल तर नाही म्हणणार.