बांधावरचं विमान

वैजापूरला माझा पुतण्या थर्माकोलचं रिमोटवरचं विमान उडवतो. मका निघालेलं रान आणि वारा पडलेली संध्याकाळ एवढंच त्याला लागतं. जुन्या मोटरीचे कार्बन ब्रश झिजले, तेव्हा त्याने पैसे साठवून ब्रशलेस मोटर आणली. तिच्यावर 1000 केव्ही लिहिलंय. हे किलोव्होल्ट नव्हेत. प्रोपेलर न लावता दर व्होल्टमागे मिनिटाला 1000 फेरे. तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचे 11.1 व्होल्ट, म्हणजे 11 हजारांवर फेरे! पण नुसती मोटर बदलून भागत नाही. वेग सांभाळणारा ईएससीही ब्रशलेसचाच लागतो, आणि मोटर ओढेल त्याहून जास्त अँपिअर पेलणारा. सोल्डरिंग त्यानेच केलं. मोटर उलटी फिरली. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, सुलटी झाली. नवी बॅटरी जड, नाक खाली जाऊ लागलं. मग त्याने पंखांखाली, पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागाच्या जरा मागे, दोन बोटं टेकवून विमान तोललं आणि बॅटरी तसूतसूने मागे सरकवली. पोराची ती एकाग्रता मी बघतच राहिलो. काल ते हातातून सुटलं आणि बांधावरच्या लिंबाच्या वरून गेलं.