परीक्षेत प्लांट, नोकरीत प्रयोगशाळा

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करणाऱ्या मुलींचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. कोकणातल्या महाविद्यालयांत कायदेविषयक शिबिरांच्या निमित्ताने माझे जाणे होते, तिथे या वर्गांत मुलीच जास्त दिसतात. कमला सोहोनींना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेशासाठी झगडावे लागले, ही गोष्ट आपण शिबिरांत नेहमी सांगतो. ती सांगायलाच हवी. पण आजची अडवणूक प्रवेशाच्या दारात होत नाही. ती पदवी हातात आल्यावर, कारखान्याच्या फाटकापाशी होते, आणि त्याबद्दल आपल्या चळवळीत फारसे बोलले जात नाही.

औद्योगिक असेंद्रिय रसायनशास्त्र हा विषय घ्या. गंधकाम्ल, अमोनिया, कॉस्टिक सोडा, क्लोरीन, सुपरफॉस्फेट, शिसे आणि क्रोमियमचे रंग असा त्याचा आवाका. या मुली गंधकाम्लाच्या प्लांटची आकृती घडाघडा काढून दाखवतात. गंधक जाळायचा, तयार झालेला वायू साधारण ४५० अंशांवर व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकावरून न्यायचा, पुढे जो वायू होतो तो मात्र सरळ पाण्यात सोडायचा नाही. कारण मग आम्लाचे धुके होते, ते आवरत नाही. म्हणून तो ९८ टक्के आम्लातच शोषून घ्यायचा. मला हे एका मुलीने इतके छान समजावून सांगितले की मी, समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, दोन दिवस ते धुके डोक्यात घेऊन फिरत होते.

याच मुलीच्या वर्गाची एका कारखान्याला भेट ठरली. मुलगे हेल्मेट घालून प्लांटवर गेले. मुलींना प्रयोगशाळा दाखवली, कॅन्टीनमध्ये चहा दिला आणि बसमध्ये बसवले. ‘वर जिने अरुंद आहेत’ हे कारण.

नोकरीतही हेच. मुलगा शिफ्ट केमिस्ट म्हणून लागतो, मग प्रॉडक्शनमध्ये चढत जातो. मुलगी लागलीच तर क्यूसी लॅबमध्ये, जनरल शिफ्टला, बहुधा कमी पगारावर. मुलाखतीत लग्नाचे विचारतात ते वेगळेच. प्लांटवर उभे राहिल्याशिवाय जे कळत नाही ते तिला कधीच कळत नाही, आणि मग दहा वर्षांनी ‘बायकांना प्लांटचा अनुभव नसतो’ असे म्हणायला व्यवस्थापन मोकळे.

या सगळ्याला वर्षानुवर्षे कायद्याचा आधार होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात काम दिले. ८७ व्या कलमाने धोकादायक प्रक्रियांमध्ये स्त्रिया, किशोर आणि बालके यांच्यावर बंदी घालण्याची मुभा सरकारला दिली. प्रौढ, पदवीधर बाई आणि लहान मूल एकाच वाक्यात! रसायनाचे कारखाने चोवीस तास चालतात. रात्रपाळी नाही म्हणजे प्लांट नाही, इतका सरळ हिशेब होता.

या संरक्षणामागचा विचार जुना आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ साली सफेद्याच्या, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाच्या, औद्योगिक रंगकामातून अठरा वर्षांखालील मुलगे आणि यच्चयावत सगळ्या स्त्रिया यांना वगळले. प्रौढ पुरुषाच्या रक्तात शिसे जात नाही की काय? (आणि घरी देवाला लावायचा शेंदूर हेही शिशाचेच संयुग. तो कालवणाऱ्या बाईच्या हातांची काळजी कुणा कायद्याने केली नाही.)

हा विचार शेवटाला नेला की काय होते ते अमेरिकेत दिसले. वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड येथील अमेरिकन सायनामिडच्या कारखान्यात १९७८ साली, शिशाच्या रंगद्रव्यांच्या खात्यातली नोकरी टिकवण्यासाठी पाच स्त्रियांनी वंध्यत्वाची शस्त्रक्रिया करून घेतली. मूल होऊ शकणारी बाई तिथे नको, असा नियम होता. शिसे कमी करण्याऐवजी गर्भाशय निकामी करायचे. बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीचे असेच धोरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये लिंगभेद ठरवून रद्द केले. शिशाने पुरुषांच्या प्रजननक्षमतेवरही परिणाम होतो, हा पुरावा कंपनीने बाजूला सारला होता.

इथे आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, कशाला मुलींना त्या विषात ढकलता? आपण तर या कारखान्यांविरुद्ध मोर्चे काढतो. प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो चुकीच्या बाईबद्दल विचारला जातो. विषात बाई आधीपासून आहे. औद्योगिक वसाहतींच्या भोवतालच्या वाड्यांमधून ठेकेदाराच्या टेम्पोतून येते, पोती भरते, गाळ उचलते, रिकामे ड्रम धुते. तिला हातमोजे मिळतील याची खात्री नाही, मस्टरवर नाव असेलच असे नाही. अशा बायकांशी बोलताना कळले की त्या रसायने रंगावरून ओळखतात: पिवळे, नारिंगी, हिरवे. त्यातले पिवळे-नारिंगी सहा-संयुजी क्रोमियमचे असेल तर ते कर्करोगकारक असते, नाकाचा पडदा झिजवून त्याला भोक पाडते. हे पहिल्या बाकावरच्या मुलीला पाठ आहे, ड्रम धुणारीला ठाऊक नाही. शिकलेल्या मुलीला धोक्यापासून दूर ठेवायचे आणि न शिकलेलीला धोक्यात विनानोंद वापरायचे, याला संरक्षण म्हणत नाहीत. त्यात जात आणि वर्ग दोन्ही आहेत.

मला त्या शिकलेल्या मुलीला प्लांटवर पाहायचे आहे ते याचसाठी. ती शिफ्टची प्रमुख झाली म्हणजे ड्रम धुणारीचे आपोआप भले होईल असा माझा भाबडा समज नाही. अधिकारी बाईही अधिकारीच असते. पण वाशिष्ठीच्या किंवा सावित्रीच्या पाण्याचा अहवाल समोर आला, की आपल्या गटाला तो वाचून सांगणारी कुणी नसते. दर वेळी बाहेरून तज्ज्ञ बोलवावा लागतो, तो पुरुष असतो, आणि बैठकीचा सूर तोच ठरवतो. भोपाळच्या बायकांनी १९८४ नंतर इतकी वर्षे लढताना विषशास्त्राची भाषा कमावली, ती नाइलाजाने. आपल्याकडे ती भाषा येणाऱ्या मुली दर वर्षी पदव्या घेतात आणि शिकवण्या घेत बसतात.

कायदा आता बदलला आहे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या ४३ व्या कलमाने सर्व प्रकारच्या कामांत स्त्रियांना हक्क दिला आहे, रात्रपाळी त्यांच्या संमतीने. आनंदच आहे, पण रोजंदारीवरच्या बाईची संमती म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. ‘नाही’ म्हटले की उद्यापासून येऊ नको. ४४ वे कलम धोकादायक कामात पुरेशा सुरक्षिततेची व्यवस्था करायला लावण्याचा अधिकार सरकारला देते. माझ्या मते आपण भांडायचे ते या ‘पुरेशा’ शब्दावर: हवेतल्या शिशाची मर्यादा बाईला आणि पुरुषाला सारखीच सुरक्षित हवी, शिफ्टच्या बसला वेळ हवी, प्लांटवर संडास हवा. सध्या तो बहुधा अॅडमिन इमारतीत असतो, दहा मिनिटे चालून.

आमच्या गटाने यंदा दोन महाविद्यालयांच्या प्राध्यापकांशी बोलून कारखानाभेटीची अट घातली आहे, मुलींना प्लांटवर नेणार नसाल तर भेट कुणाचीच नाही. एका कारखान्याने होकार कळवला आहे. फक्त मुलींच्या मापाचे सेफ्टी शूज त्यांच्याकडे नाहीत, सर्वांत लहान जोड सात नंबरचा आहे. त्याची चौकशी सध्या चालू आहे.